अठ्ठावीस फायलींतले श्वास

प्रिय मॅडम,

घरात तुला या नावानं हाक मारली की तू भुवया चढवतेस, हे मला ठाऊक आहे. पण काल सकाळी सातपासून अठ्ठावीस मुलांच्या तोंडून मी दुसरं काही ऐकलेलंच नाही. मॅडमनी असं सांगितलंय, मॅडमना ते चालत नाही, मॅडम असत्या तर आत्ता ओरडल्या असत्या. दिवसभरात माझीही जीभ तशीच वळली. तेव्हा आजच्या दिवस चालवून घे.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत, कुणाचं काही दुखत नाही, फायलींची ट्रंकही माझ्या खोलीत कुलपात आहे. काल संध्याकाळी तू फोन केलास तेव्हा मी, झालं, छान झालं, आता जेवायला बसतोय, एवढंच म्हणालो आणि तू चिडून फोन ठेवलास. फोनवर माझं तोंड उघडत नाही, हे लग्नापासूनचं दुखणं आहे. शिवाय फोनवर तू मध्ये बोलतेस. मला जे सांगायचंय ते एका दमात सांगितलं तरच सांगून होईल, नाहीतर अर्ध्यावर मी कच खाईन. मागच्या रांगेतल्या त्या उंच मुलाचे वडील काल कार्यक्रमाला आले होते. ते आज सकाळीच परत निघालेत. त्यांच्या हाती हे देतोय, म्हणजे दुपारच्या चहाच्या सुमारास तुला मिळेल. आत्ता साडेसहा वाजलेत. आम्हाला उतरवलंय त्या वसतिगृहाच्या जेवणघरात मी एकटाच बसलोय. मागे कुणीतरी कपबशा मांडतंय. पाय उशीवर ठेवला आहेस ना? नसशील तर आधी ठेव, मग पुढचं वाच. आणि बहिणीशी भांडू नकोस. ती तुझ्यासाठी आपलं घर सोडून आली आहे.

निघताना तू माझ्या हातात दिलेली वही मी पाठ केली आहे. एकेचाळीस सूचना. तालमीच्या मंचाच्या पायरीवरून पडून घोट्याची दोन हाडं मोडलेली बाई पंधरा दिवसांत एकेचाळीस सूचना लिहिते, हे मी काल बसमध्ये ड्रायव्हरला सांगितलं तर तो म्हणाला, काका, तुमचं कसं होतं हो घरी? मी म्हटलं, होतं. सूचना क्रमांक एक, मुलं मोजणे. मी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा एकोणतीस भरली. कॉलेजच्या फाटकाशी बस दहा मिनिटं खोळंबली. चौथ्यांदा मोजताना पहिल्या बाकावरच्या मुलीनं हळूच सांगितलं की काका, तुम्ही स्वतःला मोजताय. बसभर हशा पिकला. मला त्यातलं काही लागलं नाही, उलट बरं वाटलं. मुलं मला पाठीमागे पंपकाका म्हणतात, हेही मला काल कळलं. तुला माहीत होतं आणि तू कधी बोलली नाहीस.

वहीच्या शेवटच्या पानावर, एकेचाळीसच्या खाली, नंबर न घालता तू लिहिलंयस की डोळे आणि कान उघडे ठेवायचे आणि मांजर जे जे बिघडवेल ते टिपून ठेवायचं. बाहेरच्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला वाटेल आपण खरंच मांजर पाळलंय. ही मुलगी बारा वर्षांपूर्वी तुझ्या गायनवृंदात तिसऱ्या रांगेत गायची, आवाज न करता यायची आणि आवाज न करता जायची, म्हणून तू तिला मांजर म्हणायला लागलीस. पुढे तूच तिला मदतनीस म्हणून घेतलंस. सहा वर्षं ती तुझ्या पेट्या उचलते, खुर्च्या मांडते, तू घसा बसवून घेतलास की तालीम घेते. तरी तू मोडक्या पायानं पडल्या पडल्या मला काय म्हणालीस ते आठवतंय ना? म्हणालीस, दौरा रद्द करता येत नाही म्हणून तिच्या हाती देतेय, पण सहाव्या दिवशीचा शेवटचा कार्यक्रम माझा. खुर्चीत बसून हात फिरवीन, पण मीच करीन. प्रिन्सिपॉलनाही तसं कळवून टाकलंस. त्या दिवसासाठी गाडी सांगायची का नाही ते तू ठरवणार आणि मी काय कळवतो ते ऐकून ठरवणार. मी तुझा हेर म्हणून या बसमध्ये बसलोय, हे मला नीट समजलं होतं. मांजरालाही समजलं होतं, असं मला आता वाटतं. बसमध्ये चढताना ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, काका, खिडकीजवळ बसा, तिथून सगळं दिसतं.

तर टिपलेलं सांगतो. प्रवासात तिनं तुझा एकही नियम मोडला नाही. बसमध्ये गाणं नाही, खिडकीतून आरडाओरडा नाही, बर्फाचं पाणी नाही. ड्रायव्हरनं गाणी लावली ती तिनं बंद करायला लावली, पण अशा गोडीनं की तो स्वतःहून म्हणाला, खरंच, गाणाऱ्यांना गाणी कशाला. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला दुसऱ्या घाटात ओकाऱ्या सुरू झाल्या. ही तीच, बारीक आवाजाची, जी पहिल्या वर्षी तालमीला यायची आणि तोंड नुसतं हलवायची असं तू सांगायचीस. मांजर तिच्याशेजारी जाऊन बसली, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि तीन तास तशीच बसून राहिली. उतरताना तिचा हात मुंग्या येऊन लोंबत होता. हे बिघडवण्यात धरायचं की नाही ते तू ठरव.

चहाला थांबलो तिथं खांबानं, म्हणजे त्या उंच मुलानं, मला विचारलं, की काका, तुम्ही आमचा कार्यक्रम कधी ऐकलाय का? मी म्हटलं, दोनदा. त्यानं विचारलं, कसा वाटला? मी खरं ते सांगितलं, की दोन्ही वेळा झोपलो. तो इतका हसला की चहा सांडला. पण तुला मी हे कधी नीट सांगितलेलं नाही, म्हणून आता सांगतो. सत्तावीस वर्षं मी पंप हाउसला संध्याकाळची पाळी केली. तुझे कार्यक्रम संध्याकाळी आणि गावाला पाणी लागतं तेही संध्याकाळी, असं मी म्हणायचो आणि तू मान डोलवायचीस. पाळी बदलून मिळत होती. मी कधी मागितली नाही. तुझ्या त्या जगात मला काय करावं ते कळायचं नाही. लोक बाहेर उभे राहून अमुक जागा काय घेतली, तमुक सूर कसा लागला बोलायचे आणि मी हातातल्या कपाकडे बघत उभा राहायचो. मोटर सुरू झाली की तिचं बेअरिंग चांगलं आहे की गेलंय हे मी डोळे मिटून सांगू शकतो. पण तुझ्या गाण्यातलं चांगलं-वाईट मला कळत नाही, या भीतीनं मी तिथून पळालो. निवृत्त झाल्यावर पळायला जागा उरली नाही तेव्हा झोपलो.

आता मुद्द्यावर येतो. तू पडलीस त्यानंतरच्या आठवड्यात दोन दुपारी मी मागच्या खोलीत ट्रंक उघडून बसलो होतो. तू पलंगावरून विचारलंस, काय करतोयस? मी म्हटलं, फायली नीटनेटक्या करतोय. तू म्हणालीस, बरं, कर. तुझा आवाज जरा मऊ झाला होता, म्हणून मला हुरूप आला. अठ्ठावीस फायली, त्यात गाण्यांचे कागद. कुणी घरी विसरू नये म्हणून तू त्या सगळ्या आपल्याकडेच ठेवतेस, ते ठीक. पण काय अवकळा होती त्यांची. पुठ्ठे निघालेले, कोपरे दुमडलेले आणि आत कागदांवर पेन्सिलीची नुसती गिचमिड. ओळींच्या मध्ये चिमुकल्या खुणा, समासात शब्द, बाण, गोल. मला वाटलं, मुलांनी वर्षभर चाळा केलाय. एवढा मोठा दौरा, नवीन गावं, समोर लोक बसणार आणि मुलांच्या हातात ही घाण. मी नवे पुठ्ठे आणले, प्रत्येकावर नंबर टाकला. आणि खोडरबर घेऊन अठ्ठावीस फायलींतलं पेन्सिलीचं प्रत्येक अक्षर खोडून काढलं. दोन खोडरबर संपले. कागद मऊ कापडानं पुसले. शेवटची फाईल ट्रंकेत ठेवली तेव्हा पंपाची सर्व्हिसिंग करून हात धुतल्यावर वाटतं तसं मला वाटलं होतं.

थांब. फाईल फेकायला नाही ना उचललीस? तुझ्याजवळ एकच आहे, तुझी लाल पेन्सिलीची, ती फेकू नकोस.

काल दुपारी तीन वाजता सभागृहात पोचलो. मोठं, जुनं सभागृह, लाकडी जमीन, उंच छत, खुर्च्यांना हिरवं कापड. कार्यक्रम पाचला. मुलं मंचाच्या पायऱ्यांवर आपापल्या जागी उभी राहिली, मी नंबर वाचून फायली वाटल्या. तू पडल्यापासून तालमी बंद होत्या, त्यामुळे मुलं त्या पहिल्यांदाच बघत होती. सगळ्यांनी नव्या पुठ्ठ्यांचं कौतुक केलं, मी फुगलो. मग त्यांनी त्या उघडल्या. पानं उलटल्याचा आवाज येत राहिला, भराभर, पुढे-मागे. मग खांब मागून म्हणाला, माझं खांदे कुठं गेलं? मला काही कळेना. त्यानं सांगितलं की तिसऱ्या गाण्यात मॅडमनी त्याच्या समासात खांदे असं लिहून ठेवलं होतं, म्हणजे खांदे खाली, आणि ते वाचल्याशिवाय त्याचे खांदे खाली येत नाहीत. कुणाचं हळू गेलं होतं, कुणाचं वर बघ, कुणाचं हसतेयस का. आणि प्रत्येकाचे श्वास गेले होते.

हे श्वासांचं प्रकरण मला काल पहिल्यांदा कळलं. एकत्र राहून एकतीस वर्षं झाली, तू कधी सांगितलं नाहीस का मी कधी विचारलं नाही, कोण जाणे. मांजरानं मला समजावलं, तेही मुलांसमोर, शांतपणे, जणू मी नवा भरती झालेलो आहे. लांब ओळीत सगळ्यांनी एका जागी श्वास घेतला तर गाण्याला भोक पडतं. म्हणून प्रत्येकाच्या श्वासाची जागा वेगळी. शेजाऱ्यानं जिथे घेतला तिथे तू घ्यायचा नाहीस. तो घेत असताना तू सूर धरायचा आणि तू घेताना त्यानं. ऐकणाऱ्याला वाटतं की एकच मोठा माणूस न थांबता गातोय. आणि या जागा मुलं ठरवत नाहीत. दर वर्षी सुट्टीत तू एकेकाची फाईल घेऊन बसतेस, कुणाची छाती किती, कुणाचा दम किती, कोण कुणाच्या शेजारी, आणि लाल पेन्सिलीच्या तुझ्या प्रतीवरून एकेक खूण उतरवतेस. मला वाटायचं तू पेपर तपासतेस.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या हिरव्या खुर्च्यांपैकी एकीवर मी बसलो. आणि गंमत म्हणजे मला ते लगेच समजलं. पंप हाउसमध्ये आम्ही हेच करायचो. दुसरा पंप सुरू करून त्याचा दाब नीट बसल्याशिवाय पहिला बंद करायचा नाही, नाहीतर गावाच्या वरच्या टोकाच्या घरात नळ आचके देतो. म्हणजे तू माझंच काम करत होतीस इतकी वर्षं, अठ्ठावीस पंप घेऊन. आणि मी तुझे सगळे व्हॉल्व्ह दोन दुपारींत सफाईच्या नादात काढून टाकले.

मी खिशातून फोन काढला. तुझी लाल पेन्सिलीची प्रत तुझ्या उशाशी आहे, तू वाचून दाखवलंस तर दीड तासात निम्म्या तरी खुणा परत घालता येतील, असा माझा हिशेब. नंबर लावलाही होता. मांजर मंचावरून उतरली, माझ्यापाशी आली आणि तिनं फोनवर हात ठेवला. म्हणाली, काका, आत्ता नको. मी म्हटलं, अगं, तिला कळायला हवं. ती म्हणाली, कळेलच, पण आता त्यांना विचारलं तर ही मुलं पाच वाजता मंचावर फायलीत डोकं खुपसून उभी राहतील. तिचा आवाज जराही हलला नाही. हे मी हेर म्हणून सांगतो, नीट ऐकून सांगतो.

मग तिनं मुलांना फायली मिटायला सांगितलं. कुणी पेन्सिल मागितली, तिनं नाही म्हटलं. म्हणाली, शेजाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, जोड्या करा. शेवटचं ते संथ गाणं घ्या. तुम्ही दोघं वर्षभर शेजारी उभे आहात, तो कधी दमतो ते तुम्हाला कागदापेक्षा जास्त माहीत आहे. एकमेकांकडे बघून गा आणि आपापसात ठरवा. मी काही सांगणार नाही. आणि ती खरंच काही बोलली नाही, तासभर. तू असतीस तर तुला ते बघवलं नसतं. सुरुवातीला नुसता गोंधळ. दोघं एकदम थांबायची आणि हसायची. खांब आणि त्याचा शेजारी तर भांडले, की ही जागा माझी, तू मागच्या शब्दावर घे. त्या बारीक आवाजाच्या मुलीला रडू फुटलं. तिच्या फाईलमध्ये म्हणे पहिल्या वर्षी तू एक ओळ लिहून ठेवली होतीस, तुझा आवाज ऐकू येतोय, येऊ दे. तीन वर्षं दर कार्यक्रमाआधी ती ते वाचायची. मी ते न वाचताच खोडलं होतं. तिची माफी मागायला मी उठलो तर ती मलाच म्हणाली, काका, असू दे हो, मला पाठ आहे.

पाच वाजता सभागृह भरलं. मी बाजूच्या पडद्याआड पाण्याचा जग घेऊन उभा राहिलो, सूचना क्रमांक तेवीस. तुला खोटं सांगणार नाही. दुसऱ्या गाण्यात भोक पडलं. मोठं. सगळी एकदम थांबली, जणू कुणी मेन स्विच पाडला. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं मान वर केली. मांजर दचकली नाही. तिनं हात तसाच वर ठेवला, मुलांकडे बघून किंचित हसली आणि पुढे नेलं. तिसऱ्या गाण्यात खांबाचे खांदे कानाला लागलेले मी पाहिले आणि मग त्याच्या शेजाऱ्यानं कोपरानं त्याला हळूच ढोसलं, तेव्हा ते खाली आले.

आणि मग ते शेवटचं संथ गाणं. मी पडद्याआडून बघत होतो, त्यामुळे मला त्यांच्या छात्या दिसत होत्या. प्रेशर गेजचा काटा बघावा तसा मी बघत होतो. इथे एक भरली, तिकडे दुसरी. पहिल्या रांगेत उजवीकडे, मग मागे, मग मध्ये. प्रत्येकजण शेजाऱ्याकडे न बघता त्याला ऐकत होता. शेवटचा तो लांब सूर, ज्यासाठी तू वर्षभर सगळ्यांचा जीव खातेस, तो सुरू झाला आणि मी मनात मोजायला लागलो. काटा हलला नाही. एकदाही नाही. एकजण कमी पडायच्या आत दुसरा तिथे होता आणि कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या बारीक आवाजाच्या मुलीचा आवाज मला वेगळा ऐकू आला. मी ओळखला, मला गाण्यातलं काही कळत नसताना. शेवटी सूर थांबला तेव्हाही सगळे एकत्र थांबले. लोक उठून उभे राहिले. मी झोपलो नाही, मॅडम. मी हातातला जग खाली ठेवायलाही विसरलो होतो.

लोक टाळ्या वाजवत होते ते मांजरासाठी आणि मुलांसाठी, आणि ते योग्यच होतं. पण पडद्याआड उभा राहून मला तुझा अभिमान वाटत होता, इतका की कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि शेजारी फक्त दिवे सांभाळणारा माणूस होता. त्याला मी म्हटलं, ही माझ्या बायकोची मुलं आहेत. त्यानं विचारलं, त्या कुठे आहेत? मी म्हटलं, घरी, पाय मोडलाय. तो म्हणाला, मग त्यांनी चांगलंच शिकवलंय की. त्या एका वाक्यात त्यानं ते सांगितलं जे मला एकतीस वर्षांत तुला सांगता आलं नाही. मी खोडल्या त्या खुणा कागदावरच्या होत्या. तू दर सुट्टीत मान मोडून जे लिहीत होतीस ते त्या मुलांच्या अंगात कधीच गेलं होतं, फक्त कुणी तपासून बघितलं नव्हतं. कार्यक्रमानंतर सगळी दंगा करत असताना ती बारीक आवाजाची मुलगी पायरीवर बसून फाईलमध्ये काही लिहिताना दिसली. तुझी ओळ तुझ्याच जागी, आपल्या अक्षरात लिहीत होती. मी तिकडे गेलो नाही.

फोनवर तुला यातलं काही बोललो नाही, कारण फाईल खोडल्याचं ऐकल्यावर तू पुढचं ऐकलं नसतंस. तुझा राग रास्त आहे. घरी आल्यावर मी कोपऱ्यात उभा राहीन, तू सांगशील तितका वेळ. मांजरानं मला पत्र लिहायला सांगितलेलं नाही, तिला हे माहीतही नाही. काल जेवताना तिनं एवढंच विचारलं, की मॅडम शेवटच्या दिवशी नक्की येणार ना, आणि मी नक्की म्हटल्यावर तिनं मान खाली घालून ताट पुढे ओढलं. तेवढंच. मी हेर आहे म्हणून मला ते दिसलं.

आठवतंय, मी निवृत्त झालो तेव्हा पहिला महिनाभर रोज चालत पंप हाउसला जायचो? नव्या माणसाला सांगत बसायचो, हा व्हॉल्व्ह असा फिरव, त्या मोटरचा आवाज ऐक. एक दिवस तू माझ्या चपला लपवून ठेवल्यास आणि म्हणालीस, त्या माणसाला सुखानं काम करू दे, पाणी येतंय ना नळाला? मी आठ दिवस तुझ्याशी धड बोललो नव्हतो. नवव्या दिवशी सकाळी नळ सोडला, पाणी आलं, नेहमीसारखं, जोरात, आणि मला एकदम आनंद झाला. मी तिथे नव्हतो आणि पाणी आलं होतं. ते मी नीट काम केल्याचं सर्टिफिकेट होतं, दुसरं कुणी दिलं नाही.

म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात तुझ्या नोकरीची तीस वर्षं पूर्ण होऊन तू निवृत्त होतेस, सहाव्या दिवसाचा कार्यक्रम हा तुझा निरोपाचा, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तो सोड असं तुला म्हणायचं कुणाचं धाडस नाही, म्हणून मी म्हणतोय. सहाव्या दिवसासाठी गाडी सांग. जरूर ये. पण मंचावर चढू नकोस. तू खुर्चीत बसून हात वर केलास की ही मुलं पुन्हा फायली उघडतील, तुझ्या खुणा शोधतील आणि काल जे त्यांना सापडलं ते हरवेल. ठरवायचं तू आहेस, मी तुझा निर्णय बदलणारा कोण. पण शेवटचा कार्यक्रम आहे त्या सभागृहाच्या माणसाला मी आजच फोन करून मधल्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या ठेवायला सांगतोय, पुढे पाय लांब करता येईल अशा. एवढ्या वर्षांत मी जेव्हा जेव्हा तुला कार्यक्रमात पाहिलं तेव्हा तुझी पाठ पाहिली. एकदा मला तुझ्या शेजारी बसायचंय. मुलं गात असताना तुझा चेहरा कसा होतो ते मला बघायचंय, आणि मला जे कळत नाही ते तू कानात सांगायचंस.

तुझाच,
पंपवाला